पाठीवरून न्यायचे पैसे

बडोद्याच्या एका वाचकांचं पत्र गेल्या महिन्यात आलं. त्यांना नाण्यांचा छंद आहे. शिवराया आहेत, होळकरी पैसे आहेत, हैदराबादचे हाली सिक्के आहेत, आणि राणी छाप तर बहुतेक संग्राहकांकडे असतो तसा आहेच. त्यांचा भाचा युरोपात नोकरीला असतो. त्याने मामांना विचारलं, की इथे स्वीडनचं एक अठराव्या शतकातलं नाणं मिळतंय, बुडालेल्या जहाजातून काढलेलं, तुमच्यासाठी घेऊ का? सोबत फोटो होता. फोटोत गोल, चकचकीत असं काहीच नव्हतं. वेड्यावाकड्या कडांचा, खड्डे पडलेला तांब्याचा एक चौकोनी पत्रा होता. मामी फोटो पाहून म्हणाल्या, "आपला न्हाणीघरातला बंब मोडीत काढला तेव्हा असेच तुकडे निघाले होते, ते तर तुम्ही फुकट दिलेत." मामांचे प्रश्न दोन. हे खरोखरच नाणं आहे का? आणि असेल तर घ्यावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे : हो. दुसऱ्याला मात्र आजचा सगळा लेख लागेल.

ताम्रपट म्हटला की आपल्याला राजाने दिलेलं दानपत्र आठवतं. स्वीडनमध्ये ताम्रपट हाच पैसा होता. त्याला तिथे 'प्लोटमिंत' म्हणतात, म्हणजे पत्र्याचं नाणं; जगभरचे संग्राहक 'प्लेट मनी' म्हणतात. १६४४ साली क्रिस्टिना राणीच्या राज्यात हे पत्रे पहिल्यांदा पाडले गेले आणि १७७६ साली ते कायमचे चलनातून गेले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं एका युरोपीय देशाचे लोक मीठ-पीठ, जमीन-जुमला, सारा-खंडणी यांचे व्यवहार या पत्र्यांत करत होते.

सगळ्यात पहिली प्लेट हीच सगळ्यात मोठी. दहा दालेरची. दालेर हे त्यांच्या चलनाचं नाव. लांबी सुमारे ७० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर आणि वजन १९.७ किलो. विमानात आपण वीस किलोंची बॅग टाकतो ना, तेवढं एक नाणं! त्यानंतर आठ दालेरची प्लेट आली, ती साधारण साडेचौदा किलोंची, म्हणजे आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरलेला असतो जवळपास तेवढी. पुढे कॅनडाने २००७ साली शंभर किलोंचं आणि ऑस्ट्रेलियाने २०११ साली एक टनाचं सोन्याचं नाणं काढलं, पण ती मिरवायची नाणी. बाजारात देण्याघेण्यासाठी पाडलेल्या नाण्यांत दहा दालेरपेक्षा जड काही झालेलं नाही.

कल्पना करा. एखाद्या व्यापाऱ्याला शंभर दालेर द्यायचे आहेत. दहा प्लेटा म्हणजे १९७ किलो तांबं. घोडागाडी जुंपल्याशिवाय उधारी फिटायची नाही. एक सोय मात्र होती : घरफोडी करणाऱ्याला भिंत फोडण्यापेक्षा माल उचलण्याचीच चिंता जास्त असणार.

हे असलं अवघड चलन शहाण्यासुरत्या लोकांनी काढलं कशासाठी? त्याचं मूळ फालुन नावाच्या गावात आहे. मध्य स्वीडनच्या दालार्ना प्रांतात फालुनला तांब्याची एक खाण होती. इतकी जुनी की तिच्या एका हिश्शाच्या व्यवहाराचा १२८८ सालचा लेखी कागद आजही आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या तांब्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश तांबं या एका खाणीतून निघत असे. चांदी मात्र स्वीडनकडे बेताचीच. त्यात १६१३ साली डेन्मार्कशी तह करताना एल्व्सबोर्गचा किल्ला सोडवण्यासाठी दहा लाख चांदीचे रिक्सदालेर कबूल करावे लागले. सहा वर्षं देश ते फेडत होता. चांदी बाहेर गेली आणि घरात उरलं ते तांबं.

मग राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या काळात, १६२४ पासून, तांब्याची नाणी सुरू झाली. त्यामागचा हिशेब वरवर पाहता चतुर होता. तांबं नाण्यांच्या रूपाने देशातच अडकवून ठेवायचं, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या बाजारात ते कमी जाईल आणि त्याचा भाव टिकून राहील. पण स्वीडिश लोकांचा एक आग्रह होता : नाण्यावर जेवढी किंमत लिहिली तेवढ्याच किमतीचा धातू त्यात हवा. तांबं चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त. तेव्हा चांदीच्या दहा दालेरांएवढं मोल तांब्यात भरायचं तर नाणं वीस किलोंचंच होणार. म्हणूनच प्लेटच्या मधोमध जो ठसा असतो त्यावर 'चांदीच्या नाण्यातले दालेर' असं लिहिलेलं असतं आणि प्लेट असते शुद्ध तांब्याची. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही चक्क लबाडी वाटते. प्रत्यक्षात तो अतिरेकी प्रामाणिकपणा होता.

या प्लेटा प्रामुख्याने आवेस्ता गावच्या टांकसाळीत तयार होत. (पारशी बांधवांच्या धर्मग्रंथाशी या गावाचा नावापुरताच सारखेपणा.) पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या अवजड घणांनी तांबं ठोकून त्याचे पत्रे करायचे, ते कातरायचे आणि पाच ठसे मारायचे. चार कोपऱ्यांत चार, त्यांत मुकुट, राजाची किंवा राणीची मुद्रा आणि साल. मधोमध पाचवा, त्यात किंमत. कोपऱ्यांत ठसे का? कोणी कोपरा कापून तांबं चोरलं तर लगेच दिसावं म्हणून. सोन्याचांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून घेण्याची खोड आपल्याकडच्या सराफकट्ट्यालाही अनोळखी नाही, त्यामुळे यावर अधिक सांगायला नको.

खाणीतल्या माणसांबद्दल मात्र सांगायला हवं, कारण संग्राहक ठसा पाहतात, साल पाहतात आणि ते तांबं कोणी वर आणलं हे विसरतात. फालुनच्या खाणीत दगड फोडण्यासाठी आधी त्याला आग लावून तापवत. धूर, गंधकाची वाफ, काळोख. वनस्पतींना नावं देणारा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस १७३४ साली इथे आला आणि खाली जे पाहिलं त्याने हादरून गेला. १६८७ साली, वाटेल तसं पोखरल्यामुळे खाणीचा प्रचंड भाग एका दिवसात खचला. तो दिवस उन्हाळ्यातल्या त्यांच्या मोठ्या सणाचा, खाणीला सुट्टी होती, म्हणून कोणी दगावलं नाही. ते भलंमोठं विवर आजही पाहता येतं.

आणि मॅट्स इस्राएलसनची हकिगत. हा तरुण खाणकामगार १६७७ साली खाणीत गेला तो परतलाच नाही. १७१९ साली, ४२ वर्षांनी, पाणी भरलेल्या एका जुन्या भागात एक मृतदेह सापडला. खाणीतल्या पाण्यातल्या मोरचुदासारख्या क्षारांमुळे तो जराही कुजला नव्हता. चेहरा तरुणाचा. कोण हा, कुणालाच सांगता येईना. तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला ओळखलं. ती त्याची वाग्दत्त वधू होती. जर्मन लेखकांनी यावर कथा लिहिल्या त्या उगाच नाही. दुःखाची गोष्ट अशी, की बिचाऱ्याचा देह नंतर बराच काळ लोकांना दाखवण्यासाठी ठेवला गेला आणि अखेरची मूठमाती त्याला १९३० साली मिळाली. तो हरवला त्या वर्षीही आवेस्ताचे घण चालूच होते.

आता पुन्हा पैशाकडे. वर सांगितलेला चतुर हिशेब लवकरच अंगाशी आला. नाण्याची किंमत त्यातल्या धातूएवढीच असेल, तर धातूचा भाव हलला की नाणंही हलणार. परदेशात तांबं महागलं की व्यापारी प्लेटा गाड्यांत घालून थेट बंदरावर नेत. चलन म्हणून दहा दालेर मिळण्यापेक्षा तांबं म्हणून जास्त मिळत. ते थांबवायचं तर नवीन प्लेटा हलक्या करायच्या. पहिल्या प्लेटांत एका दालेरला जवळपास दोन किलो तांबं होतं. १७१५ नंतरच्या एका दालेरच्या प्लेटचं वजन ७५६ ग्रॅम, जेमतेम पाऊण किलो. नाव तेच, मुकुट तोच, तांबं मात्र निम्म्याहूनही कमी!

याच वजनकपातीतून एक अशी वस्तू जन्माला आली जी आज तुमच्या-माझ्या पाकिटात आहे. १६५० च्या दशकात योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या गृहस्थाने स्टॉकहोममध्ये बँक काढली. लोकांनी आपल्या प्लेटा तिथे ठेवल्या. १६६० साली सरकारने नव्या प्लेटा सुमारे १७ टक्क्यांनी हलक्या केल्या. झालं! जुन्या प्लेटा धातू म्हणून जास्त मोलाच्या ठरल्या आणि ज्याने त्याने बँकेत धाव घेतली, आमच्या जुन्या प्लेटा परत द्या. बँकेने तर ते पैसे कर्जाऊ दिलेले. १६६१ साली पाल्मस्ट्रुकने त्यावर तोड काढली : तांब्याऐवजी छापील कागद द्यायचा, 'दाखवील त्याला पैसे मिळतील' अशा वचनाचा. युरोपातली ही पहिली कागदी नोट. वीस किलोंचा पत्रा वागवून कंटाळलेल्या लोकांना तो कागद इतका आवडला की सुरुवातीला त्यांनी तो आनंदाने घेतला. पाल्मस्ट्रुकला तो त्याहून जास्त आवडला. तिजोरीत तांबं किती आहे याचा विचार न करता तो नोटा काढत सुटला. १६६४ पर्यंत बँक नोटांचे पैसे देऊ शकेना. १६६८ साली त्याला देहदंडाची शिक्षा झाली, ती पुढे तुरुंगवासावर आली आणि १६७१ मध्ये तो वारला. त्याच १६६८ साली संसदेच्या देखरेखीखाली जी नवी बँक निघाली ती म्हणजे आजची रिक्सबँक, जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. या सगळ्यात पाल्मस्ट्रुक एकटाच दोषी असं मला वाटत नाही. वजन कमी करण्याचा हुकूम त्याचा नव्हता. पण हिशेब चुकतो तेव्हा खुर्चीवर बसलेला माणूसच सापडतो.

जाता जाता : रशियानेही ही युक्ती उचलली होती. १७२५ ते १७२७ या काळात येकातेरिनबुर्गला तांब्याच्या चौकोनी पत्र्यांची नाणी पाडली. एक रुबल सुमारे १.६ किलोंचा. दोन-अडीच वर्षांत त्यांना उपरती झाली. स्वीडिश लोक मात्र चिकाटीचे.

स्वीडनमध्येही पुढे नोटांचा जोर वाढला. १७४५ पासून नोटेच्या बदल्यात तांबं देणं बँकेने बंद केलं. प्लेटा हळूहळू व्यवहारातून गेल्या आणि १७७६ च्या चलनसुधारणेत त्यांचा नाणेपणा अधिकृतपणे संपला. त्यानंतर त्या फक्त तांबं होत्या. वितळवा, विका, भांडी करा. लाखो प्लेटा अशाच संपल्या. म्हणून तर दहा दालेरच्या प्लेटा आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

आणि इथे, वाचकहो, गोष्ट आपल्या किनाऱ्याकडे वळते. १७८३ साली डॅनिश एशियाटिक कंपनीचं एक जहाज कोपनहेगनहून हिंदुस्थानकडे येत होतं. जहाजाचं नाव 'निकोबार', आपल्याच बेटांवरून ठेवलेलं. त्या बेटांवर तेव्हा डेन्मार्क हक्क सांगत असे. जहाज निघालं होतं तरंगमबाडीला. कागदोपत्री 'ट्रँकेबार' म्हणून ओळखलं जाणारं हे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचं डॅनिश ठाणं. १६२० मध्ये त्यांनी ते तंजावरच्या नायकांकडून मिळवलं. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं, आणि 'निकोबार' निघालं तेव्हा तिथे गादीवर तुळजाराजे भोसले होते. म्हणजे मराठी राज्याच्या कुशीतल्या बंदराकडे हा माल येत होता. मालात होत्या चलनातून बाद झालेल्या स्वीडिश प्लेटा. आपल्याकडे तांब्याला भांड्यांसाठी आणि नाण्यांसाठी कायम मागणी. त्या प्लेटा इथे पोहोचल्या असत्या तर त्यांचे तांबे, घंगाळी आणि पैसे झाले असते, आणि आज कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

त्या पोहोचल्या नाहीत. जुलै १७८३ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, क्वॉइन पॉइंट इथे जहाज फुटलं. दोनशे वर्षं प्लेटा समुद्राच्या तळाशी पडून राहिल्या. १९८७ साली स्थानिक मच्छीमारांना त्या सापडल्या. सुमारे तीन हजार प्लेटा वर आल्या. तोपर्यंत स्वीडिश प्लेट म्हणजे संग्रहालयांची आणि श्रीमंत संग्राहकांची वस्तू होती. या साठ्यामुळे पहिल्यांदाच साध्या पगारदार माणसाला ती आवाक्यात आली.

भाच्याला मिळत असलेली प्लेट बहुधा यांतलीच. आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

संग्राहकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, समुद्राने खाल्लेली प्लेट ही जखमी वस्तू. जमिनीवरच राहिलेली, गुळगुळीत, पाचही ठसे लख्ख असलेलीच घ्यावी. दुसरा म्हणतो, समुद्राच्या प्लेटेला हकिगत आहे. बाजारभाव पहिल्या पंथाच्या बाजूने आहे, जमिनीवरची प्लेट केव्हाही महाग. माझं मत विचाराल तर एकच प्लेट घ्यायची असलेल्या भारतीय संग्राहकाने 'निकोबार'ची घ्यावी. ती आपल्याकडेच यायला निघाली होती. पण ही गुंतवणूक समजून घेऊ नये. हजारो प्लेटा एकदम बाजारात आलेली वस्तू दुर्मिळ म्हणून विकणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा फार जाणता.

घेताना पाहायचं काय? आधी वजन. अठराव्या शतकातल्या अर्ध्या दालेरच्या प्लेटचं मूळ वजन सुमारे ३७८ ग्रॅम, एकची ७५६ ग्रॅम, दोनची दीड किलो, चारची तीन किलो. समुद्रातली प्लेट याहून हलकी भरणार, खाऱ्या पाण्याने तिचं तांबं नेलेलं असतं. जड भरली तर मात्र संशय घ्यावा. मग मधला ठसा : किंमत वाचता आली पाहिजे. निदान एका कोपऱ्यात साल आणि राजमुद्रा ओळखू यावी. फ्रेडरिक पहिला आणि अडॉल्फ फ्रेडरिक यांच्या काळातल्या प्लेटा त्या मानाने सहज दिसतात. उलरिका एलिओनोरा राणीचं राज्य जेमतेम वर्षभराचं, त्यामुळे तिच्या नावाची प्लेट कोणी स्वस्तात देऊ लागला तर हात आखडता घ्यावा. जहाजातली म्हणून विकत असतील तर त्याचा कागद मागावा. पर्यटकांसाठी केलेल्या नकलाही पुष्कळ आहेत. त्या बहुतेक लहान, हलक्या आणि कडांना फार नीटनेटक्या असतात. कातरीने कापलेल्या अस्सल पत्र्याची कड अशी सरळसोट नसते.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी एक नाव : बर्टेल टिंगस्ट्रॉम. या स्वीडिश अभ्यासकाने प्लेटांचा सालवार, टांकसाळवार अभ्यास करून ठेवला आहे आणि त्याचे क्रमांक विक्रेतेही वापरतात.

कायद्याचं एक कलम ध्यानात असू द्या. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भाच्याने आणलेली प्लेट पसंत पडली नाही म्हणून परत पाठवू, असा बेत असेल तर तो आधीच सोडून द्यावा. आणताना भराव्या लागणाऱ्या शुल्काची चौकशीही सीमाशुल्क खात्यात आधीच करावी, विमानतळावर उभं राहून नव्हे.

आणि मामींना एक विनंती. प्लेट घरी आली की दिवाळीच्या साफसफाईत तिला चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी लावू नका. बंब चकचकीत झाला की शोभतो. प्लेटेचा मात्र दोनशे वर्षांचा रंग एका दुपारी निघून जातो आणि तिची निम्मी किंमत मोरीतून वाहून जाते. समुद्रातल्या तांब्यात मिठाचा अंश दडून राहिलेला असतो. पावसाळ्यात हवेतली ओल लागली की तो जागा होतो आणि पृष्ठभागावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागतात. तो ठिपका म्हणजे धातूला लागलेली कीड. दिसताच प्लेट बाकीच्या नाण्यांपासून वेगळी करावी आणि जाणकाराला दाखवावी. एरवी कोरड्या जागी, जाड सुती कापडात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवावी. प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ती मावण्याचा प्रश्नच नाही. कपाटाची खालची फळी मजबूत असेल तर उत्तम. आणि चार दालेरची घेतलीत तर फळी दोनदा तपासा.